प्रोटीन दोन प्लस

दवाखान्यातून फोन आला तेव्हा दर्शनाचे दोन्ही हात पुरणात होते. होळीचा दिवस. महिपत मोबाइल चार्जिंगला लावून सहाणेवर गेला होता. गावदेवीची पालखी जिथे बसते त्या चौथऱ्यावर मांडव घालायचं काम सकाळपासून चाललं होतं. फोन वाजून वाजून थांबला आणि पुन्हा वाजायला लागला. दर्शनानं कोपरानं पदर सावरला, करंगळीनं फोन उचलला आणि स्पीकरवर टाकला.

"महिपत आहेत का? मी आरोही बोलते, किडनीच्या डॉक्टरांकडून."

"नायत. मी त्यांची मिसेस."

"बरं झालं भेटलात. परवा सकाळी त्यांचा लघवीचा नमुना घ्यायचाय ना, तर आज-उद्या त्यांना काही दमणुकीचं करू देऊ नका. ओझं नाही, पळापळ नाही, शिमग्यात नाचणं-बिचणं तर अजिबात नाही. पाणी भरपूर प्यायला सांगा. फार दमणूक झाली की लघवीत प्रोटीन उतरतं. आजार काही नसतो, एक-दोन दिवसांत आपोआप जातं, पण रिपोर्ट बिघडतो आणि सगळंच अडतं. सांगाल ना नक्की?"

"सांगते," दर्शना म्हणाली.

तिनं मोबाइलवर लागलेलं पुरण फडक्यानं पुसलं, तो होता तसा ठेवला आणि पोळी लाटायला घेतली. दुपारी महिपत जेवायला आला. तिनं त्याला पोळी वाढली, तूप वाढलं, दूध वाढलं. निरोप तेवढा वाढला नाही.

आता कुणी म्हणेल, बाई कपटी होती. म्हणोत बापडे. हातखंब्याहून आत शिरलं की लागणाऱ्या त्या गावात दर्शनाला कपटी म्हणणारं तोवर कुणी नव्हतं. सासूचं हागणंमुतणं तिनं काढलं, कातळावरच्या कलमांना डोक्यावरून पाणी घातलं आणि नवऱ्याच्या पुढे चार शब्द कधी टाकले नाहीत. पण तिच्या पोटात एक गाठ होती, आणि त्या गाठीचं नाव होतं ज्ञानेश्वरी, म्हणजे तिची नणंद.

ज्ञानेश्वरी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती तेव्हाची गोष्ट. बारशाचा दिवस, अंगणात मांडव, चुलीवर हंडे. त्या सकाळी दर्शनाच्या भावाचा बुरोंडीहून फोन आला. "बाबा गेले. ताईला पाठवा, संध्याकाळपर्यंत थांबतो." फोन उचलला तो ज्ञानेश्वरीनं. तिनं "सांगते" म्हटलं, फोन ठेवला, आणि पाळण्याला झिरमिळ्या बांधायला गेली. दर्शनानं दिवसभर पानं वाढली. शेवटची पंगत उठल्यावर, भांडी घासायला बसायच्या आधी, नणंदेनं तिला सांगितलं. दर्शना बुरोंडीला पोचली तोवर बापाची राख झाली होती. परत आल्यावर तिनं एकदाच विचारलं, "वन्सं, असं का केलात?" तेव्हा ज्ञानेश्वरी बाळाला पाजता पाजता म्हणाली, "गेलेला मानूस काय परत येनार व्हता, वयनी? आनि एवडी पानं कोन वाडनार व्हतं?"

ते वाक्य दर्शनानं जपून ठेवलं होतं. दागिने ठेवतात तसं.

आणि आता त्याच ज्ञानेश्वरीच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. रत्नागिरीत आठवड्यातून तीनदा डायलिसिस चालू होतं, हाताची शीर दोरखंडासारखी फुगली होती. तिच्या नवऱ्याचा, अनिलचा, रक्तगट जुळत होता, पण त्याला म्हणे साखर निघाली. ही साखर त्याला कधी झाली ते देवालाच ठाऊक, कारण लग्नकार्यात जिलेबीची दुसरी वाटी तोच मागून घ्यायचा. मग राहिला कोण? भाऊ. महिपतनं होकार दिला तो फोनवर, अंगणात उभं राहून, आणि घरात येऊन सांगितलं, "ज्ञानूला मी देतोय." झालं. घरातली शेळी विकायची तरी माणूस बायकोला विचारतो. इथे नवऱ्याच्या पोटातला अवयव चालला होता, आणि बायकोनं ते पोह्यांना फोडणी देताना ऐकलं.

म्हणून निरोप तिनं गिळला. त्यानं पुढे काय होईल, रिपोर्ट बिघडला की दुसरा काढतात की नाही, एवढा लांबचा विचार तिनं केला नव्हता. काहीतरी अडावं, एवढंच तिला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पालखी उठली.

ज्यांनी ती पाहिली नाही त्यांना पालखी नाचवणं म्हणजे मिरवणूक वाटते. तिथे दोनच माणसं असतात, एक पुढे, एक मागे, आणि खांद्यावर सागवानी दांडा, देवीच्या मुखवट्यांची चांदीची रूपं, शालूचा गोंडा, नारळांची रास. ढोल वाजायला लागले की ते ओझं घेऊन गिरक्या घ्यायच्या, गुडघे टेकायचे, उठायचं, दांडा एका खांद्यावरून दुसऱ्यावर उडवायचा. त्या गावची रीत अशी, की सहाणेवरून उठताना पुढचा खांदा खालच्या वाडीचा, म्हणजे महिपतच्या घराचा, आणि मागचा वरच्या वाडीचा. दोघांतला जो आधी "घ्या" म्हणेल त्याच्या वाडीचा मान त्या वर्षापुरता गेला, दुसऱ्या वाडीत पालखी आधी जाणार. या मानापायी दोन्ही वाड्यांतली माणसं वर्षभर एकमेकांच्या लग्नाला जात नसत.

महिपत बिचकत होता. शिमगा असून त्यानं दारूचा थेंब घेतला नव्हता. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी तेवढं बजावलं होतं. वरच्या वाडीचा सदू कमरेला उपरणं बांधून मागच्या दांड्याशी उभाच होता.

"काय रे महिपत," सदू सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "भयनीला किडनी देनार मंजे देवीला खांदा नाय काय? सांग तसा. आमी घेतो पुडचा बी."

वरची वाडी खिदळली. कुणीतरी आरोळी ठोकून अचकट फाका घातला. शिमग्यात फाका कसला असतो ते सांगायला नको, आणि या फाक्यात महिपतच्या लघवीचा उल्लेख होता. महिपतच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तरी तो हलला नाही. त्यानं बायकांच्या घोळक्यात दर्शनाकडे बघितलं.

तिथेच सगळं थांबवता आलं असतं. "नका, दवाखान्यातनं फोन होता," एवढं म्हणायचं होतं. दर्शना घोळक्यातून पुढे आली, तिनं आपल्या खांद्यावरचा टॉवेल काढला, त्याची चौघडी केली आणि दांड्याखाली ठेवायला महिपतच्या हातात दिली.

ढोल वाजले. महिपत नाचला, आणि नाचला तो असा की म्हाताऱ्यांनी तोंडात बोटं घातली. ऊन डोक्यावर, खाली कातळ तापलेला, तोंडात गुलाल. सदू तरणा होता, पण रागावर नाचणाऱ्याशी तरणा माणूस टिकत नाही. महिपत गुडघे टेकायचा तेव्हा जांभ्याचे खडे त्याच्या नडग्यांत रुतत, उठायचा तेव्हा मानेच्या शिरा तट्ट फुगत. मधे कुणीतरी पाण्याचा लोटा पुढे केला, त्यानं तो हातानं उडवला. ऊन कलेपर्यंत हे चाललं. शेवटी सदूचा पाय वाकडा पडला, आणि तोच "घ्या" म्हणाला. खालच्या वाडीनं आकाश डोक्यावर घेतलं. महिपत सहाणेच्या पायरीवर बसला आणि ओकला.

दर्शना त्याला वारा घालत होती. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला सांगा, तिला फार बरं वाटत होतं.

सकाळी महिपतनं बाटलीत लघवी दिली. कोऱ्या चहासारखी होती. मोटारसायकलवरून तो स्वतः रत्नागिरीला नेऊन देऊन आला. संध्याकाळी रिपोर्ट आला तो अनिलच्या मोबाइलवर, कारण सगळीकडे नंबर त्यानंच दिला होता. डॉक्टरीणबाई मुंबईला गेल्या होत्या, सोमवारी येणार होत्या. पण हल्ली रिपोर्ट वाचायला डॉक्टर लागतो कुणाला? अनिलनं तो स्वतःच वाचला. प्रोटीन, दोन प्लस, लाल अक्षरांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा अंगणात येऊन उभी राहिली. आधी अनिल उतरला, मग त्याचा हात धरून ज्ञानेश्वरी. तोंड सुजलेलं, रंग जुन्या कागदासारखा. दर्शनानं तिला आत बोलावलं नाही. अंगणात खुर्ची टाकली, आणि समोर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवला.

पाव्हण्याला पाणी द्यावं ही रीतच आहे, कुणी नाव ठेवायला जागा नाही. पण डायलिसिसच्या माणसाला दिवसाचं पाणी मोजून मिळतं, आणि मार्चच्या उन्हात तांब्यावर थेंब साचतात, हे दर्शनाला माहीत होतं. ज्ञानेश्वरीनं तांब्याकडे बघितलं, मग वहिनीकडे बघितलं, आणि ओठांवरून जीभ फिरवली.

"दादा," ती म्हणाली, "तुला द्यायची नव्हती तर तोंडानं बोलायचंस. असली नाटकं कशाला?"

"कसली नाटकं?" महिपत अजून लंगडत होता.

अनिलनं मोबाइल त्याच्या नाकासमोर धरला. "हे बघा. दोन प्लस. मी सगळं वाचलंय इंटरनेटवर. लघवीत प्रोटीन म्हणजे किडनी खराब. महिन्यापूर्वी तुमची चांगली होती, आता अचानक खराब कशी? काहीतरी घेतलं असणार तुम्ही."

"देवीची शपथ, शिमग्यात थेंब घेतला नाय मी."

"मग हिनं काय तरी खाऊ घातलान," ज्ञानेश्वरी म्हणाली. तिनं बोट उचललं नाही, हनुवटीनंच दर्शनाकडे दाखवलं.

"पुरनपोळी घातली, वन्सं," दर्शना म्हणाली. "तुमाला पायजे काय? नाय, तुमाला चालत नसंल. डाळ असते ना त्यात."

"वयनी, मी मरतंय गो."

"कदी ना कदी सगळीच मरतात. माजा बापूस बी मेला."

महिपतनं बायकोकडे असं बघितलं, जसं काही तिच्या तोंडून दुसरंच कुणी बोललं. अनिल बराच वेळ कोर्टाच्या, पोलिसांच्या गोष्टी बोलत राहिला. भावानं किडनी दिली नाही म्हणून कुठलं कोर्ट बसतं ते त्यालाच माहीत. जाताना ज्ञानेश्वरी रिक्षात बसली आणि म्हणाली, "दादा, आपल्या आवशीच्या पोटी तू जन्माला आलास हेच खोटं." रिक्षा गेली. दर्शनानं तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं.

बरं वाटायचं होतं ते इतकंच. पुढचे दिवस वेगळेच निघाले.

महिपतच्या डोक्यात ते दोन प्लस जाऊन बसलं. अनिल म्हणाला होता, "एकतर तुम्ही काही घेतलंत, नाहीतर तुमची किडनी खराब आहे." आपण काही घेतलं नाही हे महिपतला पक्कं ठाऊक होतं. मग उरलं काय? त्याचा बाप गंगाराम पाय सुजून सुजून गेला होता. शेवटी त्याच्या पायात चप्पल शिरत नव्हती. ज्ञानूला झालं. आता आपली पाळी.

तो पायरीवर बसायचा आणि अंगठ्यानं नडगी दाबून बघायचा, खड्डा पडतो का. पालखीच्या जखमांनी नडगी सुजलेलीच होती, खड्डा पडायचा. परसात लघवीला गेला की वाकून फेस किती आला ते बघत उभा राहायचा. डाळ बंद केली. दर्शनानं बांगडे तळले तर ताट सरकवलं. "प्रोटीन असतं त्यात," म्हणाला. प्रोटीन हा शब्द आठ दिवसांपूर्वी त्याला ठाऊक नव्हता, आता तो जेवणाच्या ताटात शोधत होता.

"अवो, कायतरी खा," दर्शना म्हणाली. "दमल्यानं होतं कदी कदी तसं."

"तुला कुनी सांगितलान?"

तिनं सरकवलेलं ताट उचललं आणि आत नेलं.

एका सकाळी त्यानं तिला कलमांत नेलं. कुठल्या झाडाला कधी फवारायचं, पंपाचा पट्टा कुठून आणायचा, कुठल्या गड्यावर विसंबायचं नाही, सगळं दाखवलं. मग एका कलमाखाली बसला आणि म्हणाला, "आपल्या संस्कृतीची शाळेतली धावी झाली की पोरीला बुरोंडीला ठेव, तुज्या भावाकडं. हितं तुला एकटीला जमायचं नाय."

"काय बोलताव तुमी?"

"खरं ता बोलतोय. ज्ञानूला द्यायला मी तरी व्हतो. मला लागली तर कोन दील?"

"मी देईन."

"तुजी मी घेनार नाय," महिपत म्हणाला. "पोर हाय आपल्याला. दोगंपन अर्धी झालाव तर तिच्याकडं कोन बगनार?"

दर्शनाच्या अंगाचा तिळपापड झाला. "भयनीला देताना पोर नव्हती आटवली?"

"आटवली."

"मग?"

"ज्ञानूनं मागितलान," तो म्हणाला. "तू कदी कायच मागितलं नायस."

सगळा राग तिच्या ओठांवर आला आणि त्याच्याबरोबर आरोहीचा निरोपही आला. फोन आला होता. आजार नाही. दोन दिवसांत जातं. त्याची मान वर आली असती, त्यानं बांगडा खाल्ला असता. पण फोनचं सांगायचं तर टॉवेलचंही सांगावं लागलं असतं. फोन ती विसरली म्हणता आलं असतं, टॉवेल विसरून कुणी देत नाही. माणूस डोळ्यांदेखत मरणाची तयारी करत होता, आणि ती शेजारी बसून कलमाची गळलेली कैरी नखानं सोलत होती. स्वतःचा असा किळस तिला आयुष्यात आला नव्हता. तरी ती बोलली नाही.

सोमवारी डॉक्टरीणबाईंकडे सगळी जमली. एका बाकावर अनिल आणि ज्ञानेश्वरी, समोरच्या बाकावर महिपत आणि दर्शना. मधून जाणाऱ्या नर्सला कुठे बघावं कळत नव्हतं. महिपतला आल्या आल्या पुन्हा नमुना द्यायला लावला होता.

आत बोलावलं तेव्हा डॉक्टरीणबाईंच्या पुढ्यात दोन्ही रिपोर्ट होते. बाई तोंडाच्या फटकळ होत्या.

"मागच्या नमुन्याच्या आदल्या दिवशी काय केलंत?" त्यांनी महिपतला विचारलं.

"काय नाय. पालखी नाचवली."

"किती वेळ?"

"दुपारपासनं. सदूनं सोडलान तवर."

"उन्हात? पाणी न पिता?"

महिपतनं मान हलवली. बाईंनी कपाळावर हात मारला.

"अहो, मग प्रोटीन नाही तर काय अत्तर येणार? किडनी म्हणजे चाळण आहे. पाणी, घाण खाली जाते, प्रोटीन वर राहतं. तुम्ही असं जिवाच्या आकांतानं नाचलात की रक्त सगळं पायांकडे आणि खांद्यांकडे पळतं, किडनीच्या वाट्याला कमी येतं, आतली ओढाताण वाढते आणि चाळणीतून थोडं प्रोटीन गळतं. लांब पल्ल्याचं पळणाऱ्यांचंही असंच येतं. विश्रांती घेतली की थांबतं. हा आजचा रिपोर्ट बघा. प्रोटीन नाही. बैलासारखी किडनी आहे तुमची."

महिपतच्या तोंडून हुंदका बाहेर पडला. चारचौघांत, पुरुषासारखा पुरुष, पण त्याला ते आवरलं नाही. अनिल मोबाइलमध्ये बघायला लागला.

"पण आरोही," बाईंनी दाराकडे वळून आवाज दिला, "यांना आधी सूचना द्यायची असते. दिली नव्हतीस?"

आरोही दारात आली. "दिली होती मॅडम. होळीच्या दिवशी. यांच्या मिसेसनी फोन घेतला होता. नाचणं नको, हेही मी सांगितलं होतं."

महिपतनं डोळे पुसता पुसता हात तसाच ठेवला. त्यानं दर्शनाकडे बघितलं नाही. तो आपल्या खांद्याकडे बघत होता, जिथे त्या दिवशी तिनं दिलेला टॉवेल होता.

ज्ञानेश्वरीनं मात्र तिच्याकडे सरळ बघितलं. आरडाओरडा करायला तिच्या अंगात जोर नव्हता, पण तेवढ्यानंच ती गप्प होती असं नाही. तिला आठवलं होतं.

"बारशाचं," ती हळूच म्हणाली. "व्हय ना, वयनी? फिटलं आता?"

"नाय," दर्शना म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना त्यातलं काही कळलं नाही, पण माणसं कळत होती. त्यांनी सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं, दर्शनाला बसवून घेतलं.

"हे बघा, तुम्ही जे केलंत त्यावर मी काही बोलणार नाही. मला फक्त एक सांगा. यांनी किडनी द्यायला तुमची हरकत आहे का?"

"माजी हरकत कोन इचारतंय?"

"मी विचारतेय. अवयवदानाला परवानगी देणारी मुंबईची समितीही विचारणार. नवरा देणार असेल तर बायकोचं म्हणणं तिथे घेतात. तुम्ही नको म्हणालात तर हे बहुतेक इथेच थांबेल. पहिल्याच दिवशी मी तुमच्या मिस्टरांना सांगितलं होतं की पुढच्या वेळी बायकोला घेऊन या, त्यांचा होकार लागतो. सांगितलं नाही त्यांनी?"

म्हणजे दार उघडंच होतं. सरळ उभं राहून "नाही" म्हणायचं, एवढंच काम होतं. ना निरोप गिळायला लागला असता, ना टॉवेल द्यायला लागला असता. आणि हे नवऱ्याला ठाऊक होतं. म्हणून तर त्यानं तिला इकडे कधी आणलं नव्हतं.

आता "हरकत आहे" म्हणाली असती तर कुणाची छाती होती तिला अडवायची? तिनं काचेतून बाहेर बघितलं. ज्ञानेश्वरी बाकावर भिंतीला डोकं टेकून बसली होती. दया म्हणाल, तर ती दर्शनाला आली नाही. महिपत दोन्ही बाकांपासून लांब, खिडकीशी उभा होता, आणि आपली नडगी अंगठ्यानं दाबून बघत होता. खड्डा पडत नसावा, कारण तो पुन्हा पुन्हा दाबत होता. कलमाखाली बसलेला महिपत तिला आठवला. मरणाची तयारी करत बसलेला माणूस कसा दिसतो हे तिनं पाहिलं होतं, आणि ते पुन्हा कुणाच्या अंगणात बघायची तिची ताकद नव्हती, वैऱ्याच्यासुद्धा नाही.

"हरकत हाय," ती म्हणाली. "मरेपर्यंत राहील. पन तुमी लिवू नका. देऊ दे त्यांना."

घरी येताना महिपतनं मोटारसायकल कुठेच थांबवली नाही. हातखंब्याला चहासाठी थांबायची त्यांची नेहमीची टपरी आली आणि मागे गेली. घरापाशी उतरल्यावर दर्शनाच म्हणाली, "तुमाला बी निरोप व्हता. बायकोला घेऊन या म्हनून."

"व्हता," महिपत म्हणाला.

"मग?"

"तू नाय म्हनाली असतीस."

तो आत गेला. दर्शनानं चूल पेटवली, तांदूळ वैरले, आमटीला जास्त डाळ घातली. आज तो खाईल असं तिला वाटत होतं. महिपतनं पंचा घेतला, बादली घेतली, आणि चार्जिंगला लावलेला मोबाइल काढून तोही न्हाणीत घेऊन गेला. इतक्या वर्षांत त्यानं तो असा कधी नेला नव्हता.

भात होत आला तेव्हा न्हाणीत फोन वाजला. पाण्याचा आवाज थांबला.

"बोला मॅडम," महिपतचा आवाज आला. "मुंबईच्या समितीची तारीख? व्हय... व्हय... बरं. घरी सांगतो. मिसेसना बी सांगतो."

दर्शनानं घाईनं पान मांडलं, भात वाढला, आमटी वाढली, आणि समोर बसली. महिपत येऊन बसला. त्यानं सगळं खाल्लं, पुन्हा आमटी मागून घेतली, ताटात पाणी घालून हात धुतले आणि उठला. तारखेचं त्यानं काही सांगितलं नाही.